गच्चीवरचं विमान आणि तीन किलोची बॅटरी

घरी विमान बनवायचं म्हटलं की आपले मित्र दोनच प्रश्न विचारतात. परवडतं का? आणि परवानगी मिळते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅप्टन अमोल यादव यांच्याकडे आहे. कांदिवलीतल्या लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. वेल्डिंग मशीनपासून इंजिनापर्यंत सगळं जिन्यावरून वर गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात दिसलं. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उड्डाण चाचणीची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे विमान तयार झाल्यावरही साडेतीन वर्षं!

एवढी कडक तपासणी कशाला, असं वाटलं ना? त्यासाठी घरी बनणारं एक कसरतीचं विमान बघा. अमेरिकेतल्या कर्टिस पिट्स यांचं 'पिट्स स्पेशल' १९४४ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे त्याचे आराखडे विकत घेऊन हौशी लोकांनी ते आपापल्या गॅरेजमध्ये बांधलं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वर कापड. पंख एकावर एक असे दोन, त्यामुळे लांबी कमी. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम १७ फूट. पंख आखूड म्हणून विमान झटकन गिरकी घेतं, आणि मधल्या तारांमुळे मजबूतही राहतं. कसरतीत ६ जी भार आला, तर ७० किलोच्या पायलटचं वजन ४२० किलो असल्यासारखं भासतं. तोच सहापट भार प्रत्येक वेल्डवर आणि बोल्टवर येतो.

आता आपल्याकडे या. बीड, माजलगाव, परळीच्या वर्कशॉपमध्ये उसाच्या ट्रॉलीला एखादी पट्टी जास्तीची मारली तर कुणी हिशोब विचारत नाही. वाकली तर पुन्हा वेल्डिंग. विमानात हे चालत नाही. समजा, ५०० किलोच्या विमानातली ३ किलोची बॅटरी जागा मिळाली म्हणून २ मीटर मागं सरकवली. ३ गुणिले २ भागिले ५००: गुरुत्वमध्य १.२ सेंटीमीटर मागं गेला. आकडा किरकोळ वाटतो, पण छोट्या विमानात मुभाच मोजक्या सेंटीमीटरची असते. शेपूट जड झालं, तर गिरकीत सापडलेलं विमान बाहेर काढणं अवघड होऊन बसतं. तिथं रस्त्याच्या कडेला थांबून जॅक लावता येत नाही.

म्हणून हातात कला असेल तर सोबत एक वही ठेवा. प्रत्येक भागाचं वजन, त्याची जागा, केलेला बदल आणि तारीख लिहा. सुरुवात बाल्सा लाकडाच्या मॉडेलपासून करा. नाकाला दोन ग्रॅम माती चिकटवा, उडवा. मग तीच माती शेपटीला लावा आणि पुन्हा उडवा. अकरावीच्या फिजिक्समधला 'मोमेंट' तुम्हाला तिथं डोळ्यांनी दिसेल.