सॉफ्टवेअर काढलं, लॅपटॉप मुका झाला

१९९८ साली वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च त्याचं कॅथेड्रल ठरलं. नाताळ जवळ आला की या भागात गायनवृंदांच्या तालमी सुरू होतात, आणि हल्ली कीबोर्डच्या शेजारी एखादा लॅपटॉपही उघडलेला असतो. ट्रॅक त्यावर वाजतात, रेकॉर्डिंग त्यावर होतं. कुणी आजीकडून ऐकलेली सामवेदी किंवा वाडवळी बोलीतली लग्नाची गाणी त्यातच जपून ठेवलेली असतात. आवाज जरा खणखणीत यावा म्हणून कुणीतरी त्यात इक्वलायझर टाकतं, आवाज वाढवणारं एखादं सॉफ्टवेअर टाकतं, नाहीतर एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारी आभासी केबल बसवतं. पुढे लॅपटॉप रखडायला लागला की ते सगळं काढून टाकलं जातं. मग गाणं लावावं तर पडद्यावर वेळ पुढे सरकतेय आणि आवाजाचा पत्ता नाही.

अशा वेळी दोन सल्ले ठरलेले असतात: ‘स्पीकर गेले’ आणि ‘फॉरमॅट मारून टाक’. पहिला बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरा नुकसान करणारा असतो, म्हणून त्याच्याबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचं आहे.

‘सॉफ्टवेअर काढल्यामुळे स्पीकर जळाले.’

सॉफ्टवेअर काढण्याच्या क्रियेने स्पीकर जळत नाही. गाणं वाजवणारा प्रोग्रॅम आपला आवाज विंडोजच्या ऑडिओ सेवेकडे देतो. तिथे इक्वलायझरसारखे इफेक्ट त्यावर चढतात. मग तो ड्रायव्हरकडे जातो, ड्रायव्हर तो मदरबोर्डवरच्या कोडेक नावाच्या चिपला देतो, चिप आकड्यांचे विजेचे तरंग करते, आणि ते अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत पोचतात. काढून टाकलेलं सॉफ्टवेअर या वाटेच्या वरच्या अर्ध्या भागात कुठेतरी बसलेलं असतं. ते जाताना वाट वळवलेलीच ठेवून जातं, किंवा आपल्याबरोबर वाटेचा एखादा तुकडा घेऊन जातं. वाडीत पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलेलं राहिलं, तर विहीर आटली असं कुणी म्हणत नाही. इथेही आधी पाणी कुठे वळलंय ते बघायचं.

ते बघायला दोन खुणा पुरतात. पहिली, घड्याळाजवळचं स्पीकरचं चिन्ह. त्यावर लाल फुली असेल किंवा आउटपुट डिव्हाइस सापडत नाही असा मजकूर येत असेल, तर विंडोजला आवाजाचं उपकरणच दिसत नाहीये. ड्रायव्हर गेला आहे किंवा सेवा बंद पडली आहे. दुसरी खूण जुन्या साऊंड खिडकीत मिळते. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएमएसवायएस.सीपीएल’ ही अक्षरं इंग्रजीत टाइप केली की ती उघडते. तिच्या प्लेबॅक पानावर प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी असते. गाणं चालू ठेवा आणि पट्ट्यांकडे बघा. एखाद्या भलत्याच उपकरणासमोर हिरवं हलत असेल, तर आवाज तयार होतोय आणि तिकडे चाललाय. स्पीकरसमोरच हलत असूनही कानाला काही येत नसेल, तर अडचण पुढच्या टप्प्यात, ड्रायव्हरपासून स्पीकरपर्यंत आहे. कुठेच काही हलत नसेल तर ती अलीकडे, प्रोग्रॅममध्ये किंवा सेवेत आहे. अर्ध्या मिनिटाचं हे काम. ते न करता लॅपटॉप उचलून स्टेशनजवळच्या दुकानात नेणाऱ्यांना मला हात धरून थांबवावंसं वाटतं.

‘काढलं म्हणजे पूर्ण गेलं.’

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. आभासी केबलसारखी सॉफ्टवेअरं विंडोजमध्ये एक खोटं उपकरण तयार करतात, आणि वापरताना आपण बहुधा त्यालाच मुख्य उपकरण करतो. ते गेल्यावर विंडोज दुसरं उपकरण आपणहून निवडतं; पण ते तुमचे स्पीकरच असतील असं नाही. कधी एचडीएमआयने जोडलेला टीव्ही निवडला जातो, कधी मॉनिटर, ज्याला स्पीकरच नसतात. शिवाय २०१८ पासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं आउटपुट नेमता येतं. त्यामुळे यूट्यूब वाजतं आणि झूम गप्प, असा प्रकार होतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साऊंड इथे जाऊन आउटपुटमध्ये स्पीकर निवडा, आणि व्हॉल्यूम मिक्सरच्या तळाशी असलेलं रीसेट दाबा. झूमसारख्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही स्पीकर निवडलेला आहे ना, ते पाहा.

इक्वलायझरची गोष्ट थोडी वेगळी. तो खोटं उपकरण न करता खऱ्या उपकरणाच्या वाटेत इफेक्टचा थर म्हणून बसतो, आणि त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत होते. काढताना काही बिघडलं तर थर जातो, नोंद राहते. विंडोज नसलेल्या थराला हाका मारत बसतं. स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाका, त्याच्या सेटिंगमधून स्पीकरवरची निवड आधी काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मग ते नीट अनइन्स्टॉल करा. ऐकायला उलटं वाटतं, पण जी नोंद त्यानेच केली ती पुसायची पद्धत त्यालाच ठाऊक असते. रजिस्ट्री साफ करणारे फुकट प्रोग्रॅम या कामाला लावू नयेत. ते अंदाजाने पुसतात.

‘बंद करून चालू केलं, तरी फरक नाही.’

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुन्हा चालू करताना तीच उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्ट केलं तर सगळं नव्याने भरलं जातं. दोन्हींत फरक नाही असं समजणं स्वाभाविक आहे, आणि तिथेच वेळ जातो. रीस्टार्टनंतरही काही झालं नाही तर सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन सेवा चालू आहेत का, ते बघायचं.

‘रियलटेक उडालं, आता आवाज येणारच नाही.’

रियलटेक ही तैवानची कंपनी. पुष्कळ लॅपटॉपांत कोडेक चिप तिची असते. पण त्या नावाच्या दोन गोष्टी लॅपटॉपमध्ये असू शकतात: एक ड्रायव्हर आणि एक ऑडिओ कन्सोल नावाचं नियंत्रण करणारं अ‍ॅप. नव्या पद्धतीत हे अ‍ॅप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं येतं. ते काढलं तरी ड्रायव्हर जागेवर राहतो. जुन्या पद्धतीत दोन्ही एकाच गठ्ठ्यात असायचे, आणि कंट्रोल पॅनेलमधून तो काढला की ड्रायव्हरही जायचा.

तरीही घाबरायचं कारण नाही. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानक पद्धत आणली आणि व्हिस्टापासून विंडोजमध्ये तिच्यासाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर आधीच असतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वरच्या अ‍ॅक्शन मेनूतून हार्डवेअर बदल शोधण्याची आज्ञा द्या. अनेकदा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ नावाने उपकरण परत उभं राहतं. मात्र अलीकडच्या काही लॅपटॉपांत स्पीकरसाठी वेगळा स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला जागं करणं या सर्वसाधारण ड्रायव्हरला जमत नाही. मग इअरफोनमध्ये आवाज येतो, स्पीकर गप्प राहतात, आणि माणूस पुन्हा ‘स्पीकर जळाले’वर येतो. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मशीनचा अनुक्रमांक टाकून, त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. चिप तीच असली तरी कुठल्या पिनला स्पीकर आणि कुठल्या पिनला जॅक हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं, म्हणून मित्राच्या लॅपटॉपचा ड्रायव्हर चालेलच असं नाही. इंटेलच्या नव्या मशीनवर आधी चिपसेटचे आणि स्मार्ट साऊंडचे ड्रायव्हर, मग ऑडिओचा, हा क्रम पाळला तर बरं. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात शोधून देतो म्हणणारे फुकट प्रोग्रॅम मी कुणाला सुचवत नाही.

‘फॉरमॅट केलं की सगळं सुटतं.’

वाट वळल्यामुळे गेलेला आवाज फॉरमॅटने परत येतोही. पण बरोबर काय जातं? तालमीचं रेकॉर्डिंग जातं, आजीचा आवाज जातो. रेकॉर्डिंगच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅमची आवृत्ती ३ आली २०२१ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पाची एकच फाइल असते, ती बाहेरच्या डिस्कवर टाकायला फार वेळ लागत नाही. कुठलाही मोठा उपाय करण्याआधी तेवढं करा. आणि फॉरमॅटच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. सिस्टीम रिस्टोअर चालू असेल तर सॉफ्टवेअर काढण्याआधीच्या दिवसावर परत जाता येतं. तुमच्या फाइलींना ते हात लावत नाही. ते नसेल तर विंडोजचं रीसेट, फाइली ठेवण्याचा पर्याय निवडून. त्यात टाकलेले प्रोग्रॅम जातात, फाइली राहतात. नव्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, तेव्हा त्याची रिकव्हरी की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा.

ज्यांना दिसत नाही आणि जे एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर काम करतात, त्यांच्यासाठी आवाज जाणं म्हणजे सगळा लॅपटॉपच बंद पडणं. वर सांगितलेली हिरवी पट्टी त्यांना कोण दाखवणार? त्यांच्या घरी एक यूएसबी हेडफोन कायम असावा. त्यात स्वतःचा ध्वनी-परिवर्तक असतो, त्यामुळे बिघडलेली कोडेकची वाट टाळून आवाज येऊ शकतो. मग विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणं एकत्र दाबली की विंडोजचा नॅरेटर बोलू लागतो, आणि पुढची दुरुस्ती स्वतः करता येते. शेजारपाजारच्यांना हे माहीत असायला हवं.

आता खऱ्या हार्डवेअरबद्दल. वसईची हवा खारी आणि पावसाळ्यात दमट. इअरफोनच्या जॅकमध्ये प्लग लागलाय की नाही हे ओळखणारा एक बारीक स्विच असतो. तो गंजला किंवा अडकला तर काही न लावताही लॅपटॉपला इअरफोन लावलाय असं वाटतं आणि तो स्पीकर बंद ठेवतो. काहीही न जोडता आउटपुटमध्ये ‘हेडफोन्स’ दिसत असेल तर हाच संशय घ्यावा. प्लग पाच-सहा वेळा घालून काढल्याने कधीकधी सुटतं. सॉफ्टवेअर काढण्याशी याची गाठ निव्वळ योगायोगाने पडते, पण पडते.

स्पीकर खरंच गेले का, हे दोन रीतींनी कळतं. डेलमध्ये चालू करताना एफ १२, एचपीमध्ये एफ २ दाबून निदानाचा कार्यक्रम उघडतो, आणि आवाजाची चाचणी विंडोजशिवाय होते. किंवा विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून उबंटू ही प्रणाली चालवून बघा, काही इन्स्टॉल न करता. तिथे आवाज आला तर स्पीकर, चिप, तारा सगळं ठीक आहे, आणि दोष विंडोजमध्येच आहे. काही नव्या मॉडेलांमध्ये उबंटूलाही स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर ओळखता येत नाही, म्हणून तिथे आवाज न येणं हा पक्का पुरावा धरू नये. कंपनीच्या निदानातही शांतता असेल तर मात्र दुकानाची पायरी चढावी. तिथे ‘आवाज येत नाही’ एवढंच न सांगता कुठलं सॉफ्टवेअर काढलं, लाल फुली आहे की नाही, हिरवी पट्टी हलते का, निदानात काय झालं, हे सांगा आणि फॉरमॅट करायचं नाही असं कागदावर लिहून द्या. तोवर तालीम थांबवायला नको. काही शे रुपयांचा यूएसबी ध्वनी अ‍ॅडॅप्टर लावून त्यातून स्पीकर-मिक्सरला वायर देता येते.