कवळी, चष्मा आणि मजूर पक्ष

पक्षात दुफळी माजते ती तत्त्वांवरून की माणसांवरून? या जुन्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना ग्रंथांऐवजी घटनांत शोधावयाचे असेल त्यांनी युद्धोत्तर ब्रिटनमधील मजूर पक्षाचा वृत्तान्त पाहावा. भारताला १९४७ साली सत्ता सोपविणारा पक्ष म्हणून आपल्याकडे या पक्षाविषयी एक प्रकारची आपुलकी आहे. त्याच पक्षाचे घर पुढे चारच वर्षांत दुभंगले, आणि निमित्त झाले ते कवळ्यांचे व चष्म्यांचे!

१९४५ साली ३९३ जागा जिंकून ॲटली पंतप्रधान झाले. १९४८ च्या जुलैत आरोग्यमंत्री ॲन्युरिन बेव्हन यांनी सर्वांना विनामूल्य वैद्यकीय सेवा देणारी योजना अमलात आणली. पुढे कोरियाचे युद्ध पेटले आणि मंत्रिमंडळाने शस्त्रसज्जतेसाठी तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चण्याचे ठरविले. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी व चष्मा यांची निम्मी किंमत रुग्णाकडून घेण्याची तरतूद केली. तीतून पहिल्या वर्षी मिळावयाचे होते अवघे १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन व जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. ॲटली त्या वेळी रुग्णालयात होते. ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत असते तर तडजोड निघाली असती, असे आम्हांस वाटते.

बेव्हन यांच्या मनात केवळ तत्त्वच होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वेल्समधील ट्रेडेगरच्या खाण कामगाराचा हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरला होता. गेट्स्केल हे विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथे शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. १९५० च्या ऑक्टोबरात अर्थखाते वयाने व सेवेने धाकट्या गेट्स्केल यांच्याकडे गेले, आणि मार्च १९५१ मध्ये परराष्ट्रखाते मॉरिसन यांना मिळाले. हे शल्य बेव्हन यांना बोचत होते यात शंका नाही. तथापि, मत्सरी माणसाचा हिशेब चुकीचाच असतो असे थोडेच आहे? एवढी शस्त्रे तयार करण्याइतका कच्चा माल व यंत्रसामग्री ब्रिटनजवळ नाही, असे बेव्हन सांगत होते. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाच्या चर्चिल यांनाही तो कार्यक्रम लांबणीवर टाकावा लागला. गेट्स्केल यांनी थोड्या रकमेसाठी मोठा पक्ष पणास लावला, हा दोष आम्ही त्यांच्या पदरी घालतो. बेव्हन यांचा दोष संतापाचा. त्यांना सहकारी जोडता आले, पण ते सांभाळता आले नाहीत.

१९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षाहून दोन लाखांवर अधिक मते मिळाली, तरी जागा कमी पडल्या आणि तेरा वर्षांचा वनवास सुरू झाला. १९५५ च्या मार्चमध्ये बेव्हन यांची पक्षातून हकालपट्टी कार्यकारिणीत केवळ एका मताने टळली. त्याच डिसेंबरात ॲटली निवृत्त झाले. त्यांच्या जागी गेट्स्केल १५७ मतांनी निवडून आले. बेव्हन यांना ७० व मॉरिसन यांना ४० मते पडली.

येथे या पक्षाच्या घटनेतील मूळ विसंगती ध्यानी घेतली पाहिजे. नेता निवडीत ते खासदार, आणि धोरण ठरवी ते वार्षिक अधिवेशन. अधिवेशनात तर कामगार संघटनांचे पुढारी लक्षावधी सभासदांची मते एकगठ्ठा टाकीत. एका म्यानात दोन तलवारी राहाव्यात तरी कशा? १९६० साली स्कारबरो येथे अधिवेशनाने एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचा ठराव केला आणि गेट्स्केल यांनी तो मानण्याचे साफ नाकारले. पुढच्याच वर्षी तो त्यांनी फिरवूनही घेतला. मौज अशी की या वादात बेव्हन गेट्स्केल यांच्याच बाजूस उभे राहिले होते! ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याला परिषदेच्या दालनात नागवा धाडू नका, असे १९५७ साली ब्रायटन येथे बजावून त्यांनी आपल्याच अनुयायांना स्तंभित केले. वादाचे मूळ व्यक्तिद्वेषातच असते, तर हे घडले नसते.

जुलै १९६० मध्ये बेव्हन आणि जानेवारी १९६३ मध्ये गेट्स्केल निवर्तले. नेतेपद आले ते १९५१ साली बेव्हन यांच्यासमवेत राजीनामा देणाऱ्या विल्सन यांच्याकडे. १९६४ साली ते पंतप्रधान झाले. हुजूर पक्षाने औषधांच्या चिठ्ठीवर बसविलेले शुल्क त्यांच्या सरकारने १९६५ साली रद्द केले, आणि पौंडाच्या अवमूल्यनानंतर, १९६८ साली, तेच शुल्क त्यांच्याच सरकारने पुन्हा लागू केले. त्या शुल्कावरून मात्र मंत्रिमंडळातून कोणी बाहेर पडले नाही.