‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देऊ नका : मुलींचे वारंवार होणारे युरिन इन्फेक्शन आणि आपली जबाबदारी

आमच्या वस्तीतील नववीतल्या एका मुलीला वर्षभरात चौथ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. पहिल्या वेळी आजी म्हणाली, उन्हाळी लागली आहे, धन्या-जिऱ्याचे पाणी द्या. पुढच्या दोन्ही वेळा आईने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरे वाटले आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहिल्या. चौथ्या वेळी थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. पाच दिवस सलाईनवर काढावे लागले. आईची मजुरी बुडाली आणि मुलीची सहामाही परीक्षाही.

हे टाळता आले असते का? आम्हाला वाटते, नक्कीच टाळता आले असते. म्हणून हा विषय लाज बाजूला ठेवून समजून घेऊ.

युरिन इन्फेक्शन बहुतेक वेळा ई-कोलाय या जिवाणूमुळे होते. हा जिवाणू आपल्याच आतड्यात राहतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे तो मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतो. यात मुलीची काही चूक नसते, आणि हा आजार म्हणजे तिच्या चारित्र्याचा दाखला तर मुळीच नव्हे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारा’ म्हणतात. अशा वेळी नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, कारण शोधावे लागते.

पहिली पायरी म्हणजे लघवीचे कल्चर. साध्या तपासणीत फक्त पू-पेशी दिसतात. कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे कल्चर सांगते. नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्यावा. जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून, मधली धार प्रयोगशाळेतून मिळालेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी आणि दोन तासांच्या आत पोहोचवावी. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टर तोवर औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात. गोळ्या सांगितलेले सर्व दिवस घ्यायच्या. अर्धवट आणि मनाने घेतलेल्या औषधांनी जिवाणू चिवट होतात, मग तीच गोळी पुढे लागू पडत नाही. जळजळ थांबवणारे सिरप आराम देते, पण जिवाणू मारत नाही.

दुसरी पायरी म्हणजे सोनोग्राफी. मूत्रपिंडात खडा आहे का, रचनेत दोष आहे का, लघवी केल्यावरही मूत्राशयात शिल्लक राहते का, हे त्यात पाहतात. रक्तातील साखरही तपासतात. पू-पेशी सतत दिसत असूनही कल्चरमध्ये काहीच उगवत नसेल, तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाची शक्यता डॉक्टरांना जरूर विचारा. खाज किंवा अंगावरून पांढरे जात असेल तर तेही सांगावे, कारण तो आजार वेगळा असू शकतो. डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलू इच्छित असतील, तर आईने थोडा वेळ बाहेर थांबावे. मुलग्यांमध्ये हा आजार कमी आढळतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पहिल्याच वेळी नीट तपासणी करून घ्यावी.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येतोच. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक केंद्रात कल्चरची सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून मागावी. शासकीय व अनुदानित शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही पुढे पाठवता येते. प्रत्येक वेळचा केसपेपर, अहवाल आणि औषधांची नावे एका पिशवीत जपून ठेवा. नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो.

पण औषधाने अर्धेच काम होते. त्या मुलीशी आमच्या एका ताईंनी सवडीने बोलल्यावर कळले, की ती सकाळी सातला घरून निघायची आणि दुपारी दीडपर्यंत लघवीला जायचीच नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते. जावे लागू नये म्हणून ती पाणीही प्यायची नाही. कमी पाणी, तुंबवलेली लघवी आणि त्यातून बद्धकोष्ठता असेल, तर संसर्ग पुन्हा पुन्हा होणारच. दर तीन-चार तासांनी लघवीला जाणे, भरपूर पाणी पिणे, शौचानंतर पुढून मागे धुणे, पाळीत पॅड वेळेवर बदलणे, हे मुलीला सांगणे सोपे आहे. पण कडी नसलेल्या दाराआड ती हे पाळणार कसे?

इथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. पहिली ते आठवीच्या शाळांत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असणे शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये सर्व शाळांत स्वच्छतागृहे उभारण्याचे निर्देश दिले आहेत. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ चळवळीने महिलांच्या मुताऱ्यांचा प्रश्न उघडपणे मांडला. आपणही आपल्या शाळेत आणि मुलींच्या वसतिगृहात जाऊन पाहू. कडी, पाणी, दिवा, कचऱ्याची बादली आहे का, याची लेखी नोंद करू आणि मुख्याध्यापक, गृहपाल व शाळा व्यवस्थापन समितीला निवेदन देऊन त्याची पोचपावती घेऊ. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊ.

त्या मुलीच्या शाळेत आता कडी बसली आहे. पाण्याची टाकी अजून बाकी आहे. आम्ही पुन्हा जाणार आहोत.