लालबाग शोधताना राजा वगळा

मुंबईत लालबागच्या चिवडा गल्लीतल्या दुकानदाराला ऑनलाइन जाहिरात करायची असेल, तर आपल्याबद्दल आणि शेजाऱ्यांबद्दल काय लिहिलं गेलंय, हे त्याने आधी पाहायला हवं. पण गूगलवर नुसतं ‘लालबाग’ टाकलं की १९३४ पासून बसणारा गणपती, ‘लालबागचा राजा’, पुढे येतो, शिवाय बंगळुरूची बाग आणि ढाक्याचा किल्लाही. इथे साध्या खुणा कामी येतात. ‘लालबागचा चिवडा’ दुहेरी अवतरणात टाकला, तर तेच शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. नको त्या शब्दाआधी, जागा न सोडता, उणे चिन्ह लावलं की तो गळतो. मात्र राजा वगळताना गणेशोत्सवातल्या चिवड्याच्या विक्रीची पानंही जातील. एका संकेतस्थळापुरता शोध हवा असेल, तर ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच पत्ता.

गूगलला आता अर्थ कळतो, मग ही खटपट कशाला, असं कोणी म्हणेल. रोजच्या कामाला ते खरंच पुरतं. पण अर्थ लावणं म्हणजे अंदाज करणं, आणि बाजार जोखणाऱ्याला दुसऱ्याचा अंदाज नको असतो. शिवाय नावं बदलतात: मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. जुनी बातमी एका नावाने, नवी दुसऱ्या. दोन्ही नावं अवतरणात घालून मध्ये मोठ्या लिपीतलं इंग्रजी ‘ऑर’ टाकलं, तरच दोन्ही हाती लागतील याची खात्री वाढते. निकालांच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, तो ढोबळच असतो.