चौदाशे वर्षांचा कोरा कागद

दौंड-मनमाड लोहमार्गावर पुणतांबा हे गोदाकाठचं गाव लागतं. शिर्डीकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. या गावात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगला म्हणून ज्याची ख्याती, त्या योग्याचीही शेवटी समाधीच झाली, हे लक्षात ठेवून पुढची कथा ऐकावी.

मरणघटका आली की चांगदेव प्राण ब्रह्मांडी चढवून बसत आणि घटका टळली की खाली उतरवीत, असं सांगतात. वर्षांचा हिशेब आपण करू नये. पण मरण टाळण्याची ही हौस कुणाला नाही? पुढे त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं. आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने थोर, नमस्कार लिहावा तर वयाने पोर. अखेर कागद कोराच धाडला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असं म्हणून मुक्ताबाई हसल्या म्हणे.

उत्तर गेलं ते पासष्ट ओव्यांचं, म्हणजेच 'चांगदेव पासष्टी'. त्यांत आयुष्य वाढविण्याची युक्ती एकही नाही. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनं उणं होत नाही. तसं एकच चैतन्य पाहणारा आणि पाहिलेलं अशा दोन रूपांनी नटलं आहे, एवढंच त्यांत सांगितलं आहे. मग मरतं कोण? दागिना मोडतो, सोनं नाही.

इथे कुणी विचारील, असं जर आहे, तर रडायचं कशाला? गीतेचा दुसरा अध्याय हेच विचारतो, आणि त्यावर ज्ञानदेवांनी 1290 साली ज्ञानेश्वरीत विस्ताराने लिहिलं. पण 1296 साली आळंदीला त्यांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग वाचा. त्यांत निवृत्तिनाथांना दुःख आवरत नाही. निवृत्तिनाथ म्हणजे थोरले बंधू आणि खुद्द ज्ञानदेवांचे गुरू! अद्वैत ज्यांनी शिकवलं, तेच रडतात, आणि नामदेवांना ते लपवावंसं वाटत नाही.

मला यात विसंगती दिसत नाही. सोनं शिल्लक आहे हे खरं; पण आपण जीव लावला होता तो त्या घडणीला, त्या आवाजाला. म्हणून दुःखाच्या घरी जाऊन तिसऱ्या दिवशीच आत्म्याचं अमरत्व सांगणारी माणसं मला जरा उतावळी वाटतात. आधी रडू द्यावं.

आळंदीला दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधीपुढे नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं. समाधीचा प्रसंग आला की ऐकणाऱ्यांचे डोळे आजही भरून येतात.