टोळीतल्या बाईची पिशवी

दिवाळी झाली की आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बहुतेक जण बीडकडचे, भूमिहीन किंवा कोरडवाहू, त्यात दलित, बंजारा, वंजारी घरं बरीच. माळावर खोपी पडतात. त्या खोपीतल्या बाईच्या दुखण्याबद्दल आज बोलायचं आहे.

2019 साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशभराच्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. एवढा फरक कुठल्या रोगानं पडत नाही.

तो पडतो कामाच्या रीतीनं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं, वर डोक्यावर मोळी. अंगावरून पांढरं जायला लागतं, पोट दुखतं. साध्या औषधानं बरं होणारं असतं, पण डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढून मोकळं व्हा म्हणतो. पुढं कंबर धरते, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशनचं कर्ज फेडायला परत कोयता आहेच.

हे फक्त बीडचं नाही. बिहार, छत्तीसगड, राजस्थानातही गरीब, मागास जातींतल्या बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्या गेल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल 2023 मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. अशा ऑपरेशनांवर लक्ष ठेवायला जिल्ह्याची समिती असावी, असं त्यात आहे. बीडमध्ये तर 2019 पासूनच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यानं पिशवी काढू नये, असा आदेश आहे. चांगलाच आहे. पण आदेश एका जिल्ह्याचा, आणि बाई वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर! ती आजारी पडते आपल्या हद्दीत.

हुकूम चालतो कधी, हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. 1919 साली शाहू महाराजांनी संस्थानच्या दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना इतरांसारखंच वागवायचा हुकूम काढला. ज्या नोकराला हे पटत नसेल त्यानं राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही, असंही बजावलं. अमेरिकेत काळ्या लोकांचे वॉर्ड वेगळे असायचे. 1966 मध्ये तिथल्या सरकारनं म्हाताऱ्यांच्या उपचाराचे पैसे भेदभाव करणाऱ्या इस्पितळांना द्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि काही महिन्यांत शेकडो इस्पितळांतले वॉर्ड एक झाले. खिशाला हात लागला की माणूस हुकूम वाचतो. आपल्याकडं खाड्याला दंड आहे, खोपीजवळ संडास नसला तर कुणाला दंड आहे?

गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या हद्दीत किती खोपी पडल्यात, त्यात गरोदर किती, सहा वर्षांखालची पोरं किती, एवढं दोघीतिघींनी जाऊन लिहून आणायचं. यादी आशाताई आणि अंगणवाडी ताईंना द्यायची. गाव कुठलंही असलं तरी माता-बाल कार्ड इथं चालतं, लसी मिळतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि नेण्याआणण्याची गाडी फुकट आहे. पिशवी काढायला सांगितलंय असं कुणी म्हणाली, तर आधी सीपीआरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. एकटी पाठवू नका, तिला इथला रस्ता माहीत नसतो आणि केसपेपरच्या रांगेत तिला मागं ढकलतात. पाणी आणि संडासाचा अर्ज ग्रामपंचायत आणि कारखान्याचं शेती खातं, दोन्हीकडं द्यायचा, पोच घेऊन. टोळ्या उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच. उशीर झाला तर पट्टा पडेपर्यंत नुसतं बघतो, बघतो, असंच ऐकायला मिळेल.