टायर भारी, रस्ता कुर्ल्याचा

टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ रोजी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. दहा हजार मूळ किमतीचा टायर १२,८०० ऐवजी ११,८०० रुपयांना मिळू लागला. चारही बदलले तर चार हजार वाचले. बातमी चांगलीच आहे. धोका आहे तो त्या वाचलेल्या चार हजारांत. टायर बदलायला निघालेला गाडीमालक ते पैसे सहसा घरी परत नेत नाही. ‘आता घेतोच आहोत तर एक साइझ वरचा घेऊ, अलॉयही बदलून टाकू,’ हा विचार दुकानाच्या पायरीवरच येतो आणि गाडी रुंद, चपट्या, स्पोर्टी टायरांवर उभी राहून बाहेर पडते. पुढचा पावसाळा त्या हौसेची वसुली करतो.

करकपातीनंतर तीनेक आठवड्यांनी दुसरी बातमी आली. खड्ड्यांमुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये दिला. तो योग्यच आहे. पण खड्ड्यात फाटलेल्या टायरचा त्यात कुठेही हिशेब नाही आणि तो कोणी मांडेल अशी आशाही नको. तो हिशेब टायर निवडतानाच आपला आपण मांडायचा असतो.

कुर्ल्याला गाड्या नव्या नाहीत

या विषयासाठी कुर्ल्याइतकी योग्य जागा मुंबईत दुसरी नाही. कालिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर सुटे भाग, जुने अलॉय, टायर, भंगार असा सगळा संसार मांडलेला आहे. तिथून जेमतेम काही मिनिटांवर वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे शहरातल्या सर्वांत महागड्या गाड्यांचा रोजचा राबता. एका बाजूला एकोणीस इंची चाकं, दुसऱ्या बाजूला ती सरळ करून देणारे कारागीर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुर्ल्यात गाड्या बनायच्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता. इथली फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली आणि टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावली. तिच्या टायरचा आकार होता ५.२० - १४. म्हणजे रुंदी सव्वापाच इंचांच्या आत, आणि रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची जवळजवळ रुंदीइतकीच. टायर बारीक पण उंच. वळणावर ती गाडी डोलायची, पण खड्ड्यात आपटून टायर फाटला अशी तक्रार तिच्याबद्दल क्वचितच ऐकली असेल.

वेगाची हौसही कुर्ल्याने पुरवली. २००१ साली आलेली फियाट पालिओ कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार व्हायची आणि तिच्या १.६ लिटर मॉडेलची ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती होती. जाहिरातीत सचिन तेंडुलकर! आज ‘हॉट हॅच’ म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्यांची ही कुर्ल्यातली थोरली बहीण. पुढे फियाटचं उत्पादन रांजणगावला गेलं, कारखान्याच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. मधल्या काळात गाड्यांची चाकं मोठी होत गेली आणि त्यांच्यावरचं रबर आटत गेलं.

रबर कुठे गेलं?

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असं काही लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ इंच हा रिमचा व्यास. दुकानदार १५ या आकड्याबद्दल बोलतो, गिऱ्हाईक १८५ कडे बघतं. कुर्ल्यात राहणाऱ्याने बघायला हवा तो मधला आकडा.

मारुती स्विफ्टचंच उदाहरण घ्या. तिच्या स्वस्त मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. बाजूची भिंत १३२ मिलिमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. भिंत १२० मिलिमीटर. हौशी मालक १९५/५५ आर १६ वर जातो, १०७ मिलिमीटर. आणखी हौशी असेल तर २१५/४५ आर १७, ९७ मिलिमीटर. गंमत अशी की चारही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६२० ते ६२५ मिलिमीटर. गाडी रस्त्यापासून उंच झालेली नाही, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. बदललं एवढंच की रस्ता आणि अलॉय यांच्यामधलं ३५ मिलिमीटर रबर आणि हवा गेली, तिथे धातू आला.

मे २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचे टायर २२५/४० आर १८ आहेत. भिंत ९० मिलिमीटर. जर्मनीच्या ऑटोबानवर ही भिंत पुरते. एलबीएस मार्गावर, मेट्रो २ बच्या कामाशेजारून जाताना, पेव्हर ब्लॉक खचलेल्या वळणावर तिची परीक्षा रोज असते.

खड्ड्याच्या धारेवर टायर आदळला की त्याची भिंत ती धार आणि रिमची कड यांच्यात चिमटली जाते. भिंतीतले धागे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं आणि आतली हवा त्या जागी बाहेर ढकलू लागते. गॅरेजच्या भाषेत टायरला फुगा आला. हा फुगा दुरुस्त होत नाही, कोणी ‘आतून पॅच मारून देतो’ म्हणालं तरी होत नाही. टायर तळव्यावर कितीही नवा असो, तो बाद. उंच भिंतीचा टायर तोच धक्का वाकून पचवतो. चपट्याला वाकायला जागाच नसते, मग अलॉय बेंड होतो.

चपट्या टायरांचे मालक जे अनुभव सांगतात त्यांत हा फुगा पहिला. दुसरा आवाज. पालिकेने सुमारे सातशे किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण हाती घेतलं आहे. काँक्रीटवर खड्डे कमी, पण त्यावरच्या आडव्या रेषा आणि सांधे रुंद टायरमधून गाडीत ऐकू येतात. तिसरा पंक्चर. मऊ रबरात बारीक खडी रुतून बसते आणि भंगार बाजाराच्या रस्त्यावर खिळ्यांना तोटा नाही. चौथा अनुभव खिशाचा. साधा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालत असेल, तर मऊ रबराचा स्पोर्टी टायर पंचवीस-तीस हजारांतच गोटा होतो.

मग चांगल्या टायरचा उपयोग काय?

इथवर वाचून कोणाला वाटेल की स्पोर्टी टायर म्हणजे निव्वळ शानपट्टी. तसं नाही. महागड्या टायरची किंमत दोन गोष्टींसाठी मोजलेली असते, एक आकार आणि दुसरं रबराचं मिश्रण. आकार कुर्ल्यात उपयोगाचा नाही. मिश्रण मात्र सोन्यासारखं उपयोगी आहे, कारण इथे चार महिने रस्ता ओला असतो.

चांगल्या टायरच्या रबरात सिलिका मुबलक असते, त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक लवकर लागतो. कुर्ल्यातून बाहेर पडलं की सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, बीकेसी-चुनाभट्टी पूल, पुढे ईस्टर्न फ्रीवे. रांगत आलेली गाडी अचानक साठ-सत्तरने पळू लागते आणि पहिल्या सरीत पुढची टॅक्सी अचानक ब्रेक मारते. त्या क्षणी रुंदीपेक्षा रबर कामाला येतं.

युरोपात अशा टायरांना ‘समर टायर’ म्हणतात आणि पारा सात अंशांखाली गेला की ते काढून ठेवतात, कारण रबर कडक होतं. मुंबईकराने ही चिंता करू नये. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, जानेवारी १९६२ मधलं. समर टायर वर्षभर वापरण्यासाठी जगात काही शहरं जणू बेतूनच काढली आहेत, त्यांत आपलं एक.

पाण्यावर तरंगण्याची भीती मात्र चुकीच्या जागी दाखवली जाते. ‘नासा’च्या संशोधकांनी १९६०च्या दशकात एक ढोबळ सूत्र दिलं होतं, त्यानुसार ३२ पीएसआय हवेचा टायर खोल पाण्यावर साधारण ताशी ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. टायर घासलेला असेल किंवा रुंद असेल तर हा धोका वाढतो, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे हा फ्रीवेवरचा धोका. शीतल सिनेमापाशी किंवा कमानीला पाणी तुंबलेलं असताना गाडी दहाच्या वेगाने सरकते, तिथे काही तरंगत नाही. तिथला धोका निराळा: पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. ज्या टायरची भिंत उंच, तो त्यातून सुखरूप बाहेर येतो.

फुकटचा इलाज

रस्त्यावरच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ टायरमध्ये नसून हवेत असतं. चपट्या टायरमध्ये हवेला जागा कमी, त्यामुळे चार-पाच पीएसआय कमी झाले तरी भिंत चिमटण्याचा धोका झपाट्याने वाढतो. ‘एक्सएल’ लिहिलेले टायर जादा वजन पेलतात, पण जास्त हवा भरली तरच. जुन्याच आकड्याला हवा ठेवली तर तो जादा भार कागदावरच राहतो. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना. दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. दुपारी तासभर वाहतुकीत तापलेल्या टायरची हवा पंपावर ‘बरोबर’ करून घेणारा माणूस प्रत्यक्षात ती कमी करून घरी येतो. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा, पंधरा दिवसांतून एकदा बघितली पाहिजे.

जर्मन गाड्यांबरोबर येणारे रन-फ्लॅट टायर हे आणखी एक प्रकरण. हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून गाडीत स्टेपनी नाही. ही सोय होते ती भिंत जाड आणि ताठ केल्यामुळे. त्याच ताठपणाने गाडी खड्ड्यांत दणके देते. अनेक मालक पहिला संच संपला की साधे ट्यूबलेस बसवतात आणि डिकीत पंक्चर किट ठेवतात. इथल्या रस्त्यांवर हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो.

कायदा, विमा आणि एक तक्रार

आकार बदलण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला आकार घेतला तर वाद उद्भवत नाही. त्यापलीकडे गेलात तर दाव्याच्या वेळी विमा कंपनीला आयता मुद्दा मिळतो. तसाही नेहमीच्या सर्वंकष विम्यात एकटा टायर फाटला तर काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरला जातो आणि तोही निम्म्या किमतीने.

तक्रार सरकारकडे आहे. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ यादीत टाकली. हेतू देशी उद्योगाला बळ देण्याचा. इथे नेमकं उलटं घडायचा धोका होता: उत्तम मिश्रणाचे आयात टायर दुर्मीळ आणि महाग झाले, तर स्पोर्टी दिसणारे पण साध्या रबराचे टायर सहज मिळत राहिले. पर्याय हळूहळू येत आहेत. अपोलोने २०२१ मध्ये आपला युरोपीय व्रेडेस्टाइन ब्रँड भारतात आणला. कुर्ल्यापासून थोड्या अंतरावर भांडुपला कारखाना असलेली सीएट ‘स्पोर्टड्राइव्ह’ विकते. मिशेलिनने प्रवासी गाड्यांचे टायर चेन्नईत बनवण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं.

तरी ग्राहक अंधारातच आहे. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी आता आपल्याकडेही सक्तीची आहे. पण ती आहे पास-नापास. टायरवरचे तारे सांगतात इंधन किती वाचेल ते. युरोपात ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी लेबलवर छापलेली असते. २००५ साली एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या शहरातल्या ग्राहकाला ही माहिती का नको? पेट्रोलचे पैसे वाचतील हे सांगायचं आणि पावसात गाडी थांबेल की नाही हे सांगायचं नाही, ही प्राधान्यांची उलटापालट आहे.

लेबल येईल तेव्हा येवो. तोवर वाचलेल्या चार हजारांचं काय करायचं ते सरळ आहे. कंपनीने दिलेलाच आकार ठेवा, वाटल्यास एक पायरी खालचा रिम बघा, आणि पैसे चांगल्या रबरात घाला. बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ‘२०२४’ दिसलं तर ते वर्ष समजू नका, तो २०२४ सालचा विसावा आठवडा आहे. नवा म्हणून दोन वर्षांपूर्वीचा माल घेऊ नका. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत घासली तरी चालते. मुंबईच्या पावसात तीन मिलिमीटरला टायर बदलावा. स्पोर्टी टायर जरूर घ्या, फक्त तो रुंद घेऊ नका.